वाळूच्या साच्यातून लेथ

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटले आणि औंध संस्थानातल्या एका कारखान्यावर त्याचे दोन परिणाम एकदमच झाले. विलायती नांगर येणे थांबले, त्यामुळे देशी लोखंडी नांगराला एकाएकी गिऱ्हाईक वाढले. पण तो नांगर ज्यातून ओतायचा ते बीड, आणि बीड वितळवायला लागणारा कोळसा, दोन्ही मिळेनासे झाले. टाटांच्या साकची कारखान्यात १९११ च्या अखेरीस भट्टी पेटली होती, पण तिथले लोखंड आणि पोलाद आता सरकारच्या लढाईकडे वळले होते.

कारखाना होता लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. कुंडल रोड स्टेशनालगतच्या निवडुंग आणि दगडगोट्यांच्या माळावर तो उभा राहून जेमतेम चार वर्षे झाली होती. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाच्या जागी लाकडाचा कोळसा वापरला. नांगरांना लावायचा रंग मिळेना तेव्हा तोही इथल्याच जिनसांतून घरी करून घेतला. आणि बिडासाठी त्यांची नजर गेली संस्थानांच्या गडकोटांवर गंजत पडलेल्या जुन्या तोफांकडे. त्या तोफा विकत घेतल्या, फोडल्या, वितळवल्या, आणि त्यांचे नांगर झाले.

ही हकिकत किर्लोस्करांच्या चरित्रांतून पुष्कळदा सांगितली जाते. तोफेचा नांगर झाला, यातले काव्य कुणालाही भावते. मला मात्र त्यातले साधे सत्य जास्त मोलाचे वाटते. ज्याच्याकडे स्वतःची ओतशाळा आहे, त्याच्यासाठी भंगार हाच कच्चा माल असतो. मुंबईच्या पेढ्यांवर ऑर्डर नोंदवून विलायती मालाची वाट पाहणारा कारखानदार त्या चार वर्षांत हतबल झाला. ज्याला वाळूत साचा दाबता येत होता आणि भट्टी पेटवता येत होती, तो तरला. दख्खनात पुढे जे घडले, म्हणजे यंत्रे बनवणारी यंत्रे इथे कशी तयार होऊ लागली, त्याचे मूळ या ओतशाळेत आहे.

लक्ष्मणरावांचे घराणे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाचित्रे शिकवू लागले. बढतीची पाळी आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात सायकलींचे दुकान सांभाळत होते. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव १८८८ पासूनचे. दुसरे बंधू वासुदेवराव आमच्या सोलापुरात डॉक्टर होते. त्यांचा मुलगा शंकर याचा जन्म १८९१ साली सोलापुरातच झाला. ‘शंवाकि’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले संपादक ते हेच. कारखान्याच्या जाहिराती शंकररावांनी केल्या, आणि १९२० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडीतून, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतून, काढलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. म्हणजे किर्लोस्करवाडीच्या गोष्टीत सोलापूरचा वाटा आधी माणसांचा आहे. लोखंडाचा नंतर आला.

बेळगावात लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापायचे यंत्र केले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले चाळीस नांगर विकायला दोन वर्षे लागली. आमच्या भागातली खोल काळी जमीन ज्याने कसली असेल त्याला या नांगराची किंमत वेगळी सांगायला नको. लाकडी नांगर माती नुसती उकरतो. लोखंडी नांगर ती पालथी घालतो, आणि हरळी-कुंद्याच्या खोल मुळ्या वर काढून उन्हात वाळायला टाकतो. पण हे पटण्यासाठी नांगर आधी शेतात टिकायला हवा होता, आणि अडचण नेमकी तिथेच होती. फाळाचे टोक लवकर झिजे.

फाळाचा प्रश्न हा खरा ओतकामाचा प्रश्न आहे. बीड सावकाश निवले तर त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा पडतो. असे बीड करडे, मऊ, कापायला सोपे. तेच झटकन निवले तर कार्बन लोखंडाशी जखडून राहतो आणि बीड पांढरे, कमालीचे कठीण होते. त्यावर कानस चालत नाही. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये याचाच उपयोग करून पेटंट घेतले होते. साच्याच्या एका बाजूला वाळूऐवजी लोखंडी ठोकळा बसवायचा, म्हणजे फाळाचा खालचा पदर पटकन निवून कठीण होतो आणि वरचा मऊ राहतो. नांगरताना वरचा पदर आधी झिजतो, खालचा टिकतो, धार आपोआप लागत राहते. लक्ष्मणरावांना हे कुणी हाताला धरून शिकवले नाही. परदेशी तांत्रिक पुस्तके आणि मासिके वाचायची, भट्टीत मिश्रण बदलून पाहायचे, फाळ शेतात पाठवायचा, मोडून आला की पुन्हा ओतायचा, असे ते चालले. टोके टिकू लागली तसा नांगरही खपू लागला.

मग बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी बत्तीस एकर जागा आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी कुंडल रोडच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

आता यंत्रांकडे वळू. शेतीची अवजारे करणारा कारखाना लेथ करण्यापर्यंत कसा पोचतो, हे समजायला त्या कारखान्यातून निघालेल्या मालाची ओळ नीट पाहावी लागते. नांगर, कडबा कापणी यंत्र, उसाचा चरक, शेंगा फोडायचे यंत्र, पंप, आणि मग लेथ. नांगराच्या भागांत सुतभर फरक पडला तरी शेतकऱ्याचे अडत नाही. चरकाचे लाटे गोल आणि एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर रस मागे राहतो. १९२६ च्या सुमारास वाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागला. त्याचा पंखा एका मिनिटात शेकडो फेरे घेतो. तो समतोल नसेल तर बेअरिंग खाऊन टाकतो. प्रत्येक नव्या मालासोबत चूक खपण्याची जागा आकसत गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधून यांत्रिक अभियंते होऊन परतले. हाताची अटकळ आणि कागदावरचे माप यांची गाठ वाडीत पडली.

या ओळीत लेथ सर्वांत शेवटी येतो, कारण इतर यंत्रांची चूक त्यांच्यापुरती राहते आणि लेथची चूक त्यावर घडलेल्या प्रत्येक वस्तूत उतरते. लेथचे बेड, म्हणजे ज्यावरून हत्यार सरकते ती लांब पाटी, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या मापात सरळ लागते. ते सरळ करायला तेवढेच सरळ प्लेनिंग मशीन हवे. आणि ते मशीन कशावर केले? हा प्रश्न मागे मागे नेत गेलात तर शेवटी एखाद्या फिटरच्या हातापाशी येऊन थांबावे लागते.

इथे जरा रेंगाळायला हवे, कारण यंत्रयुगातली ही सर्वांत सुंदर युक्ती आहे असे मला मनापासून वाटते. जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ती जाहीर मांडली, पण त्याआधी हेन्री मॉड्स्लेच्या लंडनमधल्या कारखान्यात ती वापरात होती. बिडाच्या तीन पाट्या घ्यायच्या. पहिलीला निळा रंग पुसट लावून ती दुसरीवर घासायची. जिथे रंग लागला तो उंचवटा. तो स्क्रेपरने हलकेच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा घासणे. दोन पाट्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या, तरी एक फुगीर आणि दुसरी खोलगट असू शकते. म्हणून तिसरी. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी अशा तिन्ही जोड्या जुळल्या की तिन्ही पाट्या सपाटच असाव्या लागतात, दुसरी शक्यताच उरत नाही. या कामात आधीचे कोणतेही अचूक यंत्र लागत नाही. रंग, स्क्रेपर आणि चिकाटी, इतक्यावर माणूस शून्यातून सपाटी निर्माण करतो. त्या पाटीवरून सरळ पट्टी, पट्टीवरून बेड, बेडवरून लेथ.

त्याआधीची अर्धी कला पॅटर्न करणाऱ्या सुताराची. तो बेडचे लाकडी प्रतिरूप करतो, ते मापापेक्षा किंचित मोठे, कारण बीड निवताना शंभरात सुमारे एक भाग आकसते. वाळूतून ते सहज निघावे म्हणून बाजूंना हलका उतार देतो. मोल्डर वाळूला नेमका ओलावा देतो. कमी पडला तर साचा ढासळतो, जास्त झाला तर वाफ होऊन ओतीव भागात पोकळ्या राहतात. ओतून झाल्यावरही घाई चालत नाही. जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने निवल्यामुळे बिडात ताण साठतो. लगेच कापले तर बेड काही महिन्यांनी आपोआप वाकते. म्हणून जुन्या कारखान्यांत बेडे ऊन-पावसात महिनोन्‌महिने उघड्यावर टाकून ठेवत, ताण निवळेपर्यंत.

कारखानदारांची चरित्रे लिहिली गेली, त्यांच्या पुतळ्यांना हार पडतात, ते योग्यच आहे. पण बेड खरवडणाऱ्या फिटरांची, पॅटर्न करणाऱ्या सुतारांची, वाळू हातात दाबून ओलावा ओळखणाऱ्या ओताऱ्यांची नावे आपण टिपून ठेवली नाहीत. मेस्त्री या एका शब्दात ती सगळी माणसे विरून गेली. त्यांच्या हातांशिवाय यातले एकही यंत्र उभे राहिले नसते, आणि हे नुकसान मला फार जाचते.

किर्लोस्करवाडी या वाटेवर एकटी नव्हती. सातारा रोडला धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. हे कूपर राजकारणातलेही मोठे नाव. १९३७ मध्ये काही महिने ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांच्याकडेही सुरुवात नांगर आणि चरकांनी झाली. १९३३ चे त्यांचे डिझेल इंजिन हे देशात तयार झालेले पहिले मानले जाते. मग यंत्रे करणारी यंत्रे, आणि त्यातही कूपरचा शेपर, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या हत्याराने धातू तासणारे यंत्र, पुढे नावाजला गेला. नांगरापासून शेपरपर्यंतची ही चढण दोन्हीकडे सारखीच आहे, आणि तो योगायोग नाही. दख्खनच्या शेतकऱ्याला जे लागत होते त्यातूनच ओतशाळा शिकत गेली.

सातारा रोडच्या कथेत सोलापूर दुसऱ्यांदा येते. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला कूपर इंजिनिअरिंग आले. वालचंद तेव्हा विमाने, जहाजे आणि मोटारी अशा तिन्ही स्वप्नांच्या मागे होते. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या साथीने त्यांनी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. या सगळ्याला लेथ, शेपर, ड्रिल लागणार, आणि युद्धामुळे ती परदेशातून येणार नाहीत, हे त्यांना उघड दिसत होते.

लक्ष्मणरावांनाही ते पहिल्या युद्धाने शिकवले होते. या खेपेस मात्र तोफा शोधत हिंडावे लागले नाही. वाडीत लेथ तयार होऊ लागले होतेच. १९४१ मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा केवळ यंत्रे करणाऱ्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी सरकारने मशीन टूल नियंत्रण हुकूम काढला. यंत्रे कोण बनवतो, कोण विकत घेतो यावर नजर आली आणि देशी यंत्रांची तपासून प्रतवारी होऊ लागली. वर्षानुवर्षे ‘देशी माल’ म्हणून नाक मुरडले गेलेल्या लेथवर आता सरकारी तपासनीस मोजमाप लावून दर्जा ठरवू लागले. सरकारचा स्वतःचा कारखाना, बंगळुरचा हिंदुस्थान मशीन टूल्स, स्विस ऑर्लिकॉन कंपनीच्या मदतीने उभा राहिला तो १९५३ मध्ये, म्हणजे हरिहरनंतर बारा वर्षांनी. पाठ्यपुस्तकांत भारतीय यंत्रउद्योगाची गोष्ट बहुधा या १९५३ पासून सुरू होते. ती निदान १९०३ च्या नांगरापासून सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

ही सगळी कथा बिडाची आहे. ॲल्युमिनियम तिच्यात जवळजवळ नाही, याचे कारण साधे: तो धातू तेव्हा महाग आणि परका होता. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचे काम सुरू करून दिले, पण पत्रे बाहेरून येत. या देशात ॲल्युमिनियमची पहिली लगड निघाली ती १९४३ मध्ये, केरळातल्या अलुपुरमला. लक्ष्मणरावांच्या काळात भंगारात ॲल्युमिनियम मिळालेच नसते. आज उलट आहे. सोलापूरच्या कोणत्याही भंगारवाल्याकडे मोडकी पिस्टन, गिअरबॉक्सची कवचे, स्कूटरच्या इंजिनांचे भाग ढिगाने पडलेले असतात.

आणि म्हणूनच अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या डेव्ह जिंजरी या कारागिराचे काम मला किर्लोस्करवाडीच्या शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. १९८० पासून त्याने सात छोटी पुस्तके काढली. पहिल्यात बादलीएवढी लाकडी कोळशाची भट्टी. दुसऱ्यात त्या भट्टीत भंगार ॲल्युमिनियम वितळवून केलेला लेथ. मग शेपर, मिलिंग मशीन, ड्रिल, विभाजक आणि पत्रा वाकवायचे यंत्र. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, बिडाला साडेअकराशेच्या पुढे जावे लागते. त्यामुळे घराच्या मागच्या अंगणातही हे साधते. त्याच्या लेथचे बेड ॲल्युमिनियमचे ओतीव, पण त्यावर सरकवाट म्हणून पोलादी पट्टी स्क्रूंनी बसवलेली, कारण मऊ ॲल्युमिनियमवर घासणारा भाग चालणार नाही. ती पट्टी सपाट बसावी म्हणून खालचे बेड निळा रंग लावून हातानेच खरवडायचे. हेडस्टॉकचे भोक त्याच अर्धवट लेथवर पाडायचे. यंत्र आपल्या जन्माला स्वतःच हातभार लावते.

ॲल्युमिनियमच्या मर्यादाही त्याच्या मांडणीत दिसतात. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांत थरथर जिरते. ॲल्युमिनियम ती पुढे ढकलते, म्हणून अशा लेथवर कमी खोलीचे काप घ्यावे लागतात. पण त्या लहान लेथवर बिडाच्या मोठ्या लेथचे भाग करता येतात, हाच मुद्दा आहे. १९१४ मध्ये वाडीने लाकडी कोळशावर भट्टी चालवली आणि १९८० मध्ये जिंजरीनेही तोच कोळसा निवडला. दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. मोठी यंत्रे विकत घेण्याची ऐपत किंवा वाट नसलेल्या माणसापुढे हा एकच रस्ता उरतो, आणि तो दोन्हीकडे ओतशाळेतून सुरू होतो.

सोलापूरने या रस्त्यावर उशिरा पाऊल टाकले, कारण आमच्याकडे सूत आणि माग होते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी मिलपर्यंत या शहराची पोटाची आणि मानाची गोष्ट कापडात होती. मिलच्या मेकॅनिक खात्यात लेथ होते, फिटर होते, पण ते मोडलेला भाग पुन्हा करण्यापुरते. गिरण्या मिटल्या तेव्हा शहराला लोखंडाकडे अधिक गंभीरपणे वळावे लागले. होटगी रस्त्याला किर्लोस्कर समूहाची शिवाजी वर्क्स ही ओतशाळा होती. ती आज किर्लोस्कर फेरसची फाउंड्री आहे. आणि १९९२ मध्ये यतीन शहा यांनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू केली. तिथले कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींच्या इंजिनांत बसतात.

त्या कॅमशाफ्टांतला मोठा वाटा ‘चिल्ड’ बिडाचा. साच्यात कॅमच्या उंचवट्यांपाशी लोखंडी ठोकळे बसवलेले असतात. वितळलेले बीड तिथे झटकन निवते, पांढरे आणि कठीण होते, आणि मधला दांडा करडा, मऊ राहतो. रॅन्समच्या फाळातली युक्ती ती हीच. फरक मापाचा. फाळाला सुतभर चूक चालत होती, कॅमला मिलिमीटरचे काही हजारावे भाग.

अक्कलकोट रस्त्यावरच्या आणि चिंचोळीच्या वसाहतींतल्या लहान शेडांत आज संगणकावर चालणारी यंत्रे येत आहेत. त्यांच्या शेजारी जुने बिडाचे लेथही उभे असतात, काही हरिहरचे, काही राजकोट-बटाल्याचे. त्यांची बेडे झिजली की ती ग्राइंड करून घेतात, आणि शेवटचा हात अजूनही निळा रंग आणि स्क्रेपर घेऊन बसलेला एखादा म्हातारा फिटर देतो. असे फिटर आता थोडे उरले आहेत. त्यांच्याकडे आपली मुले पाठवायला हवीत, सोबत एक लहान मूस आणि भंगारातले दोन पिस्टन देऊन.